व्हीआरमधल्या माणसाला बाहेरचं जग कळवायचं कसं?

बिनतारी

मंडळी, कामातली अडचण घेऊन आलोय. आमची छोटी टीम कारखान्यांसाठी व्हीआरमधलं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात द्यायचं, सुरक्षा प्रशिक्षण बनवते. आग लागल्यावर कोणता सिलिंडर उचलायचा, उंचीवर काम करताना पट्ट्याचा हुक कुठे अडकवायचा, अशा गोष्टी. हेडसेट घातलेला कामगार वर्गाच्या मधोमध उभा. भोवती खुर्च्यांवर बाकीचे आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसलेले. एक ट्रेनर टॅबलेटवर त्याला काय दिसतंय ते पाहतोय. आता या माणसाला बाहेर काय चाललंय ते कधी सांगायचं, किती सांगायचं आणि कशा रीतीने?

क्लायंटचं म्हणणं सोपं आहे: "सगळं दाखवा." सगळं म्हणजे तुम्ही बाउंड्रीजवळ (वावरायला आखून दिलेल्या जागेच्या कडेजवळ) आलात, मागे कोणीतरी उभं आहे, ट्रेनर बोलावतोय, बॅटरी कमी आहे, घरून फोन आलाय. तेही मोबाइलसारखं वर उजव्या कोपऱ्यात, एकाच चौकोनात.

थोडं वाचन केलंय. ग्लासगो विद्यापीठातल्या मार्क मॅकगिल आणि सहकाऱ्यांचा २०१५चा शोधनिबंध या विषयात जो तो उद्धृत करतो. हेडसेट घालून खराखुरा कीबोर्ड वापरायला दिला की लोक भरपूर चुकतात, पण हातांभोवतीचं वास्तव तेवढं दाखवलं की बरंच सावरतात, असं त्यात आहे. माणूस ज्या वस्तूशी किंवा व्यक्तीशी व्यवहार करतोय तेवढाच वास्तवाचा तुकडा, तेवढ्यापुरता आत आणा, हा त्यांचा मुद्दा. पुढे २०१९मध्ये रुफात रझायेव आणि मंडळींनी सूचना ठेवण्याच्या चार जागा तपासल्या: नजरेसमोर चिकटलेली, हाताशी, हवेत तरंगती आणि त्या आभासी जगातल्याच एखाद्या वस्तूवर.

हे सगळं पटतं. पण माझी खोली माणसांनी भरलेली आहे आणि आतला माणूस आगीशी झुंजतोय. कोणी असलं काही केलंय का?

कुंपणावरचा

+१, चांगला विषय. काम म्हणून नाही, खेळणारा म्हणून लिहितोय. बाउंड्रीपासून सुरू करतो, कारण तो प्रश्न सुटला आहे असं सगळे धरून चालतात.

२०१६मध्ये एचटीसी व्हाइव्ह हा हेडसेट आला, त्याच्यासोबत शॅपरोन आलं. त्याच वर्षाच्या शेवटी ऑक्युलसने आपल्या हेडसेटसाठी, हातात धरायच्या टच कंट्रोलरबरोबर, गार्डियन आणलं. दोन्हींची कल्पना एकच. मोकळी जागा आखून घ्यायची आणि डोकं किंवा हात त्या रेघेजवळ गेला की हवेत जाळी उमटवायची. चालणाऱ्या माणसासाठी हे झकास आहे. फटका मारणाऱ्यासाठी नाही. जोरात फिरवलेला हात सेकंदाला चार मीटर सहज जातो. जाळी भिंतीच्या ४० सेंटिमीटर अलीकडे उमटत असेल तर हाताकडे वेळ उरतो ०.१ सेकंद. दिसलेल्या गोष्टीवर साधी प्रतिक्रिया द्यायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, हात थांबवायचा वेळ त्यावर वेगळा. म्हणजे जाळी दिसते तेव्हा बोटं भिंतीवर आपटून झालेली असतात. ॲपमध्ये स्वतःचा इशारा ठेवणार असशील तर अंतर मोजू नकोस, धडकेपर्यंतचा वेळ मोज. वेग जास्त असेल तर इशारा लवकर.

दुसरं म्हणजे ही जाळी वरचेवर मध्ये येते म्हणून लोक बाउंड्री मुद्दाम खोलीपेक्षा मोठी आखतात. सोफा आत, टीपॉय आत. मग इशारा येतो तो सोफ्यावर पडल्यानंतर.

तिसरं खास आपल्याकडचं. बाउंड्री म्हणजे जमिनीवर आखून वर ताणलेला पडदा, छताचा विचार त्यात नाही. दोन्ही हात वर करून उडी मारायला लावणारे खेळ ज्यांनी बनवले त्यांच्या डोक्यावर बहुधा पंखा फिरत नसावा. तुझ्या उंचीवरच्या कामाच्या धड्यात माणूस हात वर नेणारच, तेव्हा वर्गातला पंखा बघून ठेव.

डुलकी

एवढं कशाला? खांद्यावर टपली मारायची आणि म्हणायचं "अहो, चहा आलाय."

चौकटीबाहेर

@डुलकी, तोच सगळ्यात वाईट मार्ग आहे. २०२१मध्ये एक मजेदार पण अभ्यासपूर्ण निबंध आला होता, यूट्यूबवरच्या व्हीआर फजितीच्या २३३ व्हिडिओंचं विश्लेषण. भिंतींना आणि वस्तूंना धडकणं, तोल जाऊन पडणं, घाबरून वेडेवाकडे हातवारे करणं आणि बाजूला उभं राहून मजा बघणाऱ्याला तडाखा बसणं, हे सगळं त्यात आहे. आत भूत दिसत असताना पाठीमागून अंगाला हात लागला तर माणूस काय करेल? तुझा चहा सांडेल आणि दातही पडेल.

@बिनतारी, मी जर्मनीत याच क्षेत्रात आहे, सविस्तर संध्याकाळी लिहितो.

रानजाई

मला व्हीआरमधलं ओ की ठो कळत नाही. पण "सगळं दाखवा" वाचलं आणि राहवलं नाही. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे.

आमच्याकडे प्रत्येक खाटेपाशी मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर, आणि प्रत्येकाचा वेगळा आवाज. रुग्णाने कूस बदलली, बोटाचा सेन्सर सरकला, की ठणाणा. यातल्या बहुतेक आवाजांवर काही करायचं नसतं. काही दिवसांत कान ते आवाज ऐकणंच सोडून देतात आणि मग त्यातला खरा असतो तोही निसटतो. याला अलार्म फटीग म्हणतात, आणि हा नर्सच्या आळसाचा प्रश्न नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४पासून अलार्मचं व्यवस्थापन रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत घातलं, इतका तो गंभीर मानला जातो.

तुझ्या कामाचं काही सांगते. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मसाठी आयईसी ६०६०१-१-८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तीन पायऱ्या. वरची लाल, लुकलुकणारी, आवाजाचे दहा ठोके. मधली पिवळी, लुकलुकणारी, तीन ठोके. खालची स्थिर रंगाची, एखाद-दुसरा ठोका किंवा आवाजच नाही. पण रंग आणि ठोके महत्त्वाचे नाहीत. कोणती गोष्ट कुठल्या पायरीवर ठेवायची हे ते मानक कसं ठरवतं ते बघ: दुर्लक्ष झालं तर इजा किती मोठी, आणि ती किती लवकर होणार. बस, दोनच प्रश्न. निरोप कोणाचा आहे, त्याला किती घाई आहे, याला तिथे जागाच नाही.

तुझ्या यादीला हे लावून पाहा. बाउंड्री आणि मागचा माणूस वर जातील. बॅटरी खाली. घरचा फोन यादीत राहतो का ते तूच ठरव.

कुंपणावरचा

रानजाईताई, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

बिनतारी

ताई, खूप आभार. क्लायंटच्या मीटिंगमध्ये हेच दोन प्रश्न मांडतो. पण घरच्या फोनवर ते अडून बसणार. कामगाराचा फोन लागला नाही तर युनियन विचारते म्हणे. धडा सहा-सात मिनिटांचा आहे हो.

चौकटीबाहेर

आलो. जरा लांबण लागेल.

आधी अक्षरांचं, कारण "पडद्यावर दाखवा" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. हेडसेटमध्ये वर उजवीकडे कोपरा असा नसतोच. भिंगाच्या कडेला चित्र अंधुक होतं आणि तिथलं वाचायला डोळे ताणावे लागतात. मान वळवली तर सूचनाही वळते, कारण ती डोक्याला चिकटलेली. अगदी जवळ ठेवलीस तर आणखी त्रास: दोन्ही डोळे जवळच्या सूचनेवर वळतात पण भिंगांचं फोकस ठरावीक दुरीवरच असतं, त्या ओढाताणीत डोकं दुखतं. मजकूर मीटर-दीड मीटरवर, नजरेच्या किंचित खाली, आणि डोकं वळलं की सावकाश मागोमाग येणारा ठेव.

त्यात तुझा मजकूर मराठीत असणार. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० पिक्सेलइतका बारकावा टिपतो, मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट देतो साधारण २५. दीड मीटरवर अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर ठेवलंस तर ते जेमतेम एक अंश भरतं, आणि त्या २५ पिक्सेलांत वरची मात्रा, रफार, जोडाक्षर आणि खालचा उकार हे सगळं कोंबायचं. रोमन लिपीसाठी नेमलेल्या आकारात 'प्रशिक्षणार्थ्यांनी' लिहून बघ. शिवाय डोकं हललं की बारीक शिरोरेघ लुकलुकते. जाड ठसा, मोठा आकार, दोन-तीन शब्द. त्याहून जास्त सांगायचं असेल तर आवाजात सांग.

आता मुख्य गोष्ट. जे पाहून आत्ताच्या आत्ता थांबायचं आहे त्यासाठी शब्द वापरूच नकोस. "मागे व्यक्ती आहे" हे वाचायचं, त्याचा अर्थ लावायचा, मग मागे कुठे, किती दूर हे शोधायचं. त्यापेक्षा ती व्यक्ती दाखव. क्वेस्ट २वर मेटाने स्पेस सेन्स नावाची सोय दिली होती. सुमारे ९ फुटांच्या आत माणूस, मांजर, काहीही आलं की त्याची बाह्यरेखा चमकते. ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये, म्हणजे २०२४मध्ये आलेल्या, जवळचा माणूस तुमच्याशी बोलू लागला की आभासी देखावा तिथे विरतो आणि तो माणूस धुक्यातून यावा तसा दिसू लागतो. पूर्ण आभासी जगात असताना मूळ जागेपासून दीडेक मीटर सरकलात तर ते जगच पारदर्शक होत जातं. एकही शब्द न लिहिता कळतं.

तांत्रिक बाब: फोनच्या सूचना हेडसेटची सिस्टीम दाखवते, तुझं ॲप नाही. त्यामुळे क्लायंटचा फोनचा हट्ट तू पुरवणार असं मान्य करू नकोस. उलट प्रशिक्षणाच्या हेडसेटवर त्या सेटिंगमधून बंद कर. पासथ्रू, म्हणजे हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून बाहेरचं खरं दृश्य आत दाखवणं, मात्र ॲपला स्वतःहून चालू करता येतो, तो तुझा हुकमी पत्ता.

हवं तर इथल्या, जर्मनीतल्या सारब्रुकनच्या आंद्रे झेनर आणि सहकाऱ्यांचं २०१८चं काम बघ. सूचना त्या जगाला शोभेल अशा रूपात द्यायची, म्हणजे तंद्री मोडत नाही. तुझ्या कारखान्यात भोंगा आहे, वॉकीटॉकी आहे, सुपरवायझर आहे. ट्रेनरचा निरोप आभासी सुपरवायझरच्या तोंडून दे.

कुंपणावरचा

शेवटच्या परिच्छेदाशी जोरदार असहमत! बाकी सगळं मान्य.

जंगलाच्या खेळात बाहेरचं कोणी आलं तर आत कुत्रा भुंकतो, असं समजा. छान. पण खेळणारा त्या कुत्र्याला कथेतलाच समजणार आणि बंदूक घेऊन त्याच्या मागे लागणार. बिनतारीचं तर आगीचं प्रशिक्षण आहे. आत भोंगा वाजतोय, धूर आहे, सुपरवायझर ओरडतोय "बाहेर पडा". नेमका तेव्हा कारखान्याचा खरा भोंगा वाजला तर? आतला माणूस शांतपणे सिलिंडरची पिन काढत बसेल. तुमची सूचना जितकी शोभून दिसेल तितकी ती खोटी वाटेल.

चौकटीबाहेर

हम्म. निरोपांसाठी मी अजून ठाम आहे. "पुढची पायरी घे", "डावीकडचा सिलिंडर बघ" हे सुपरवायझरने सांगितलं तर बिघडत काहीच नाही. खऱ्या धोक्यासाठी तुमचं बरोबर. तिथे तंद्री मोडायलाच हवी.

मचाण

सैन्यातल्या सरावांत हा प्रश्न जुना आहे. लुटुपुटूची लढाई चालू असते, वायरलेसवर लुटुपुटूचे जखमी कळवले जात असतात, आणि त्यात कोणाचा तरी खरोखर पाय मोडतो. ब्रिटिश आणि कॅनडाच्या सैन्यात अशा वेळी 'नो डफ' म्हणून संदेश सुरू करतात. सरावाच्या कथानकात हा शब्द कधीही वापरायचा नाही, एवढा एकच नियम. तो ऐकला की सराव थांबला.

तुमच्या ॲपमध्ये असा एक आवाज राखून ठेवा जो आतल्या जगात कधीच वाजत नाही.

बिनतारी

हे जबरदस्त आहे. खऱ्या भोंग्याचा विचारच आमच्या कागदावर नव्हता. आत आम्ही जो भोंगा वाजवतो तो क्लायंटच्याच कारखान्यात रेकॉर्ड केलेला आहे, 'वास्तव वाटावं' म्हणून! तो उद्याच बदलतोय. खरा भोंगा वाजला की ट्रेनरने टॅबलेटवर एक बटण दाबायचं, आतलं सगळं एका झटक्यात बंद, पासथ्रू चालू आणि ट्रेनरचा स्वतःचा आवाज.

पाऊलखुणा

उशिरा वाचतेय, पण घरातून बोलायचं तर तुम्ही सगळे आतल्या माणसाचाच विचार करताय.

थोरला खेळतो तेव्हा धाकटी रांगत असते. खोलीच्या दाराशी पाट आडवा लावून बसते मी. त्याला इशारा मिळतो की नाही हे मला कळायचं कसं? तो माझ्याकडे तोंड करून उभा असतो, मी "थांब रे" म्हणते, तो मान डोलावतो. मला वाटतं ऐकलं. ती मान आत कोणासाठी तरी डोलावलेली असते. आई बाहेरून त्याला दिसतेय की नाही, हे आईला कळायला नको?

आणि रांगणारं पोर जमिनीलगत. त्याच्या नजरेच्या टप्प्यातच येत नाही ते.

चौकटीबाहेर

पाऊलखुणाताई, हा भाग डिझाइनवाल्यांनी फार उशिरा मनावर घेतला. ग्लासगोच्याच जोसेफ ओ'हेगन आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये व्हीआर वापरणारे आणि त्यांच्या आसपासचे लोक प्रत्यक्षात एकमेकांशी कसे वागतात याची पाहणी केली, आणि शीर्षकातच सुरक्षेबरोबर सत्तेचा असमतोल हा शब्द घातला. एकाला दिसतंय, दुसऱ्याला नाही. बाहेरचा आतल्याची खोडी काढू शकतो, आतला बाहेरच्याला नकळत मारू शकतो. व्हिजन प्रोच्या दर्शनी काचेवर आतल्या माणसाचे डोळे दाखवायचा खटाटोप यासाठीच आहे. तो आभासी जगात बुडालेला असला की डोळ्यांऐवजी रंगांचा पडदा दिसतो. चेष्टा खूप झाली त्या डोळ्यांची, चित्रही अंधुकच असतं, पण प्रश्न त्यांनी ओळखला.

बाकीच्या हेडसेटवर असलं काही नाही. तुमच्या घरी टीव्हीवर कास्ट करून ठेवा, म्हणजे त्याला काय दिसतंय ते तुम्हाला दिसेल. पण रांगणाऱ्या बाळाच्या बाबतीत कुठल्याही सोयीवर विसंबू नका. पाटच ठेवा.

रानजाई

पाऊलखुणा, पाट जिंदाबाद. बिनतारी, ताईंचा मुद्दा तुझ्या वर्गालाही लागू होतो ना? खुर्च्यांवरच्या लोकांना कसं कळणार की आता जवळ जायचं नाही?

आणि एक विचारायचं होतं. कारखान्यातल्या वयस्कर कामगारांची श्रवणशक्ती आवाजाने उणावलेली असते. राखीव आवाज ठेवाल, तो त्यांना ऐकू आला पाहिजे.

बिनतारी

दोन्ही टिपून घेतलं. आत्तापर्यंतच्या चर्चेवरून टीमसमोर जे ठेवतोय ते असं.

लगेच इजा होणार असेल, म्हणजे धडक, कोणीतरी हाताच्या टप्प्यात, खरा भोंगा, तर शब्द नाहीत. दृश्य गोठतं, पासथ्रू उघडतो, राखीव आवाज वाजतो आणि दोन्ही कंट्रोलर थरथरतात. कानाने कमी ऐकणाऱ्याला डोळे आणि हात आहेत. धडकेचं गणित वेगावरून. माणूस ओळखण्यासाठी क्वेस्ट ३चा अंतरनकाशा (समोरची कोणती गोष्ट किती दूर आहे ते सांगणारा) वापरून बघतो, पण भिस्त ट्रेनरच्या डोळ्यांवर. टॅबलेटवर लाल बटण, आणि ते दाबायला दुसरं काही बंद करावं लागणार नाही.

कोणी जवळ येतंय पण अजून दूर आहे, तर त्या बाजूच्या हाताला हलकी थरथर आणि त्याच दिशेला बाह्यरेखा. धडा चालू राहतो.

ट्रेनरच्या सूचना आभासी सुपरवायझरच्या तोंडून. बॅटरी आतल्या माणसाला सांगायचीच नाही, ती ट्रेनरच्या टॅबलेटवर. फोन: धडा सुरू होण्याआधी कामगाराने तो ट्रेनरकडे द्यायचा, वाजला तर ट्रेनर उचलणार आणि खरंच तातडीचं असेल तर तेच लाल बटण. क्लायंटला हे पटवायला रानजाईताईंचं मानक नेतोय.

खुर्च्यांवरच्या लोकांसाठी जमिनीवर पिवळी पट्टी आणि भिंतीवर मोठा पडदा. कारखान्यात पिवळी पट्टी ओलांडायची नाही हे त्यांना शिकवायला लागत नाही.

एकच अडलंय. सिलिंडरच्या धड्यात हातात कंट्रोलर नसतो, खरा रिकामा सिलिंडर आणि तो कुठे आहे ते हेडसेटला कळवणारा, त्याला बसवलेला ट्रॅकर असतो. थरथरायला काहीच नाही.

चौकटीबाहेर

मग पायांकडे बघ. उभ्या जागी एक छोटी जाड मॅट टाक, दोन पावलं मावतील एवढी. सुरक्षेचे बूट जाड तळव्याचे असतात, म्हणून योगा मॅट चालणार नाही, रबरी कडक मॅट घे, कड जाणवेल अशी. पाऊल कडेवर आलं की माणसाला आपोआप कळतं की मध्य सोडला, तंद्रीही मोडत नाही. घरी खेळणारे कित्येक जण हेच करतात.

कुंपणावरचा

मी करतो. फक्त ती मॅट खालून दुहेरी टेपने पक्की चिकटव आणि कड उतरती काप, नाहीतर पहिला कामगार तिलाच अडखळेल.